काळा टी-शर्ट, पन्नाशी आणि बुधवार पेठ

#थ्रेड : पन्नाशीतला रॉकप्रेमी हा पुण्यात चेष्टेचा विषय ठरतो, पन्नाशीतला नाट्यसंगीतवेडा मात्र 'रसिक' म्हणवला जातो. हा भेद कसा पडला? उत्तर शोधण्यासाठी बुधवार पेठेत शिरावे लागते. थोडा लांबचा वळसा आहे, पण रस्ता ओळखीचा आहे.

१५ डिसेंबर २०१९. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर आयर्लंडचा 'यू-टू' हा बँड भारतात पहिल्यांदाच वाजवत होता. त्या दौऱ्यात त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा संग्रह पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत सादर होत असे. संग्रह १९८७ सालचा. ज्याने तो सतराव्या वर्षी कॅसेटवर ऐकला होता, तो त्या रात्री एकोणपन्नास वर्षांचा होता. मधली बत्तीस वर्षे हाच या थ्रेडचा विषय आहे.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. 'डीप पर्पल' हा बँड १९६८ चा, त्यांचा गाजलेला 'मशीन हेड' १९७२ चा. मुंबईत ते आले १९९५ मध्ये. 'रोलिंग स्टोन्स' १९६२ मध्ये सुरू झाले आणि बेंगळुरू व मुंबईत वाजवायला एप्रिल २००३ उजाडला. तेव्हा मिक जॅगर साठीला टेकला होता. 'आयर्न मेडन'चा पहिला संग्रह १९८० चा, बेंगळुरूचा कार्यक्रम मार्च २००७ चा. 'मेटालिका'चा 'मास्टर ऑफ पपेट्स' १९८६ चा, त्यांचे बेंगळुरूचे वादन ३० ऑक्टोबर २०११ चे. त्याआधी दोनच दिवस दिल्लीजवळचा त्यांचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली. वीस-पंचवीस वर्षे थांबलेल्या माणसाला दारातून परत पाठवले की काय होते, हे त्या दिवशी आयोजकांना कळले.

इंग्लंड-अमेरिकेतला चाहता अठराव्या वर्षी बँड पाहतो आणि पन्नाशीत त्याची आठवण काढतो. भारतातल्या चाहत्याने अठराव्या वर्षी केवळ कल्पना केली आणि पन्नाशीत प्रत्यक्ष पाहिले. त्यामुळे इथे मध्यमवय हा रॉकच्या आवडीचा उतार मानता येत नाही. अनेकांच्या बाबतीत तेच तिचे पहिले भरघोस पीक आहे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले की काळा टी-शर्ट घातलेला पिकल्या केसांचा माणूस 'अजून पोरकटपणा गेला नाही' या एका वाक्यात निकालात काढला जातो.

आता थोडे मागे जाऊ.

साठ-सत्तरच्या दशकांत हे संगीत भारतात पोचत होते, पण थेंबाथेंबाने. ग्रामोफोन कंपनीच्या दमदमच्या कारखान्यात काही निवडक परदेशी तबकड्या छापल्या जात. बाकी सारे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीवर अवलंबून. कलकत्त्याहून निघणारे 'ज्युनियर स्टेट्समन' हे साप्ताहिक १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत तरुणांना बँडची नावे आणि चेहरे पुरवत होते. १९७० आणि १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीच्या आश्रयाने 'सिमला बीट' स्पर्धा झाल्या, त्यांतील देशी बँडच्या तबकड्याही निघाल्या. पुण्याच्या अगदी जवळची घटना म्हणजे १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला भरलेला 'स्नेहयात्रा' हा खुल्या मैदानावरचा महोत्सव. कार्ल्याच्या लेण्यांसाठी ज्या स्थानकावर उतरायचे, तिथे गिटारी घेऊन पोरे उतरली.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, स्थानिक वादकांबरोबर त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' या छोट्याशा डिस्कोत वाजवलेही. जगातला तेव्हाचा सर्वांत मोठा बँड पुण्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर होता आणि पेठांत कुणाला पत्ता नव्हता.

पत्ता नसण्याचे कारण केवळ अंतर नव्हते. पुणे हे दोन शहरांचे शहर आहे. एक पेठांचे, दुसरे १८१८ च्या आसपास इंग्रजांच्या छावणीतून वाढलेल्या कॅम्पाचे. रॉक आले ते कॅम्पात : कॉन्व्हेंट शाळा, गोवेकर आणि पारशी कुटुंबे, इंग्रजी चित्रपट, मेन स्ट्रीटवरची दुकाने. पेठेतल्या मुलाला हे संगीत हवे असेल तर त्याला आधी एक अदृश्य सीमा ओलांडावी लागे, आणि ती ओलांडताना 'इंग्रजाळलेला' हा शिक्का खिशात घालूनच परतावे लागे. हा शिक्का महत्त्वाचा आहे. पुढे वय वाढल्यावर जी चेष्टा झाली, तिची मुळे वयात कमी आणि या सीमेत जास्त आहेत.

मग बुधवार पेठेचा संबंध काय? संबंध तारांचा आहे.

बुधवार ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी औरंगजेबाच्या पुण्यातील मुक्कामात ती वसली आणि त्याच्या नातवाच्या नावावरून 'मोहियाबाद' म्हणवली गेली. पेशवाईत तिला वाराचे नाव मिळाले. तांबडी जोगेश्वरी इथली, दगडूशेठ हलवाई गणपती इथला, १८७९ च्या आगीत जळालेला पेशव्यांचा बुधवारवाडा इथला. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. बुधवार म्हटले की ज्यांना एकच वस्ती आठवते आणि ओठांवर एकच हसू येते, त्यांनी या पेठेचा नकाशा एकदा नीट पाहावा.

या नकाशात तपकीर गल्ली आहे. नाव तपकिरीचे, माल विजेचा. वायरी, पिना, ट्रान्सफॉर्मर, कोन, हॉर्न, जोडणी करून दिलेले ॲम्प्लिफायर, लाकडी खोक्यात बसवलेले स्पीकर. गणेशोत्सवात शहराचा आवाज मोठा करणारे बरेचसे सामान या गल्लीतून जाते. कंपनीचा तयार 'म्युझिक सिस्टिम' ज्याला परवडत नसे, तो इथे येऊन सुट्या भागांतून स्वतःची यंत्रणा उभी करी. कॅम्पाने रॉकची तबकडी दिली असेल. ती मोठ्याने वाजवण्याची सोय बुधवाराने केली.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सीमा सच्छिद्र झाली. याचे गणित तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे तपशिलात सांगायला हवे. एका तबकडीची लांबी साधारण चाळीस मिनिटे. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. म्हणजे एका बाजूला एक आख्खी तबकडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. कोणत्या दोन तबकड्यांचे लग्न लागायचे ते त्या आठवड्यात मित्राकडून काय उसने मिळाले यावर ठरे. परिणामी एका संपूर्ण पिढीच्या डोक्यात असे संग्रह कायमचे चिकटून बसले, ज्यांचा एकमेकांशी मुळात काही संबंध नव्हता. पहिला संपला की दुसरा आपोआप मनात सुरू होतो, तीस वर्षांनीही.

प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी खरखर वाढे, वरचे सूर झिजत. हेड थोडे जरी वाकडे बसले तर झांजा गायब होत. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ते फिरवून 'कान लावून' जुळवायचे. पट्टा सैल झाला की गाणे लटपटे. हेड स्पिरिटने पुसायचे, अडकलेली फीत पेन्सिलीने गुंडाळायची. या प्रत्येक दुखण्याचे औषध तपकीर गल्लीत मिळे. इथला रॉकप्रेमी गिटार शिकला नसेल. पण सोल्डरिंग मात्र शिकला.

चौथ्या-पाचव्या पिढीची प्रत ऐकून वाढलेल्या या श्रोत्याने मूळ ध्वनी पहिल्यांदा ऐकला तो सीडीवर, बहुधा नोकरी लागल्यानंतर. आवडीचा पाया घालणारे संगीत असे अर्धवट ऐकू येणे, ही पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासात फारशी न येणारी गोष्ट आहे. १९९१ मध्ये उपग्रहवाहिनीवरून एमटीव्ही घरात शिरले, तेव्हा अनेकांनी आपल्या आवडत्या गायकाचा चेहरा हलताना प्रथम पाहिला.

आता मुख्य वळणाकडे. ज्या पेठेत ही यंत्रे जमली, त्याच पेठेत त्याच्या कितीतरी आधी एक दुसरे वेड नांदून गेले होते.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाट्यगृह याच भागात होते. पुढे त्याचेच वसंत टॉकीज झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यातच आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला तिकीट काढून गाणे ऐकण्याचा छंद जडला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

त्यानंतर जे घडले त्याला आजच्या भाषेत 'फॅनडम' म्हणावे लागते. बालगंधर्वांची साडी नेसण्याची, दागिने आणि फुले माळण्याची पद्धत घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली. त्यांचे चित्र साबणावर, औषधी टॉनिकवर आले. तबकड्या निघाल्या आणि घरात पुन्हा पुन्हा वाजल्या. पदांना 'वन्स मोअर' मिळून नाटक पहाटेपर्यंत लांबे. आणि तट पडले : एक गंधर्वांचा, दुसरा 'ललितकलादर्श'च्या केशवराव भोसल्यांचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी 'मानापमान' एकत्र केले, तेव्हा कोण कोणाला खाऊन टाकणार याच्या चर्चा अशा रंगल्या की पुढे 'बीटल्स की स्टोन्स' हा वाद त्यापुढे सभ्य वाटावा. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. तो वाद कायमचा अनिर्णित राहिला आणि म्हणूनच बहुधा इतका टिकला.

मुद्दा त्यापुढचा आहे. चाहते वयाने वाढत गेले आणि बालगंधर्वही. बोलपट आला, नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथांच्या भूमिकेत, पुरुषवेषात, पडद्यावर आले. पण ते पुन्हा रंगभूमीकडेच वळले. पन्नाशीनंतरही ते उभे राहत आणि त्यांच्याबरोबर पिकलेला प्रेक्षक समोर बसे. त्या प्रेक्षकाला समोरचा थकलेला देह दिसत नव्हता असे नाही. तो त्या देहाआड १९१६ चे 'स्वयंवर' ऐकत होता. १९६७ मध्ये बालगंधर्व गेले; पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ ला, पुण्याने त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. एका चाहतेपणाला महानगरपालिकेची इमारत मिळाली.

त्याच शहरात १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्याचाही एक पोशाख आहे : शाल, कानटोपी, थर्मास, बसायला सतरंजी. पंचावन्न वर्षांचा माणूस डिसेंबरच्या थंडीत रात्रभर मांडी घालून बसला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत डुलक्या देत राहिला तर त्याला कुणी 'वय काय तुझे' असे विचारले नाही. उलट त्याचे कौतुक झाले.

फरक शब्दांतही आहे. मराठीत 'रसिक' या शब्दाला वय नाही. किंबहुना रसिक जितका जुना तितका मानाचा. इंग्रजीतल्या 'फॅन'च्या मागे मात्र 'फॅनॅटिक', म्हणजे माथेफिरू, हा शब्द उभा आहे, आणि माथेफिरूपणा तारुण्यातच क्षम्य मानला जातो. नाट्यसंगीताचा वेडा रसिकांत मोजला गेला, रॉकचा वेडा फॅनमध्ये. दोघे करीत होते ते एकच : एका आवाजाशी आयुष्यभराचे इमान राखणे आणि ते चारचौघांत दिसू देणे.

इथे कुणी म्हणेल, अभिजात परंपरा आणि मोठ्या आवाजाचे विदेशी संगीत यांची तुलनाच चुकीची. तर मग विसर्जन मिरवणुकीकडे पाहावे. पन्नाशीतला गृहस्थ डोक्याला फेटा बांधून, कमरेला ढोल आवळून लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास वाजवतो. हात सोलून निघतात, कानठळ्या बसतात. त्याला पोरकट म्हणण्याची कुणाची छाती नाही. म्हणजे आवाजाला आक्षेप नाही, वेषाला नाही, वयालाही नाही. आक्षेप आहे तो 'हे आपले नव्हे' याला. पण संवादिनी, म्हणजे पेटी, हीसुद्धा युरोपातून आलेली. नाट्यसंगीताने ती इतकी आपलीशी केली की तिचे माहेर कुणी विचारत नाही.

समाजशास्त्रज्ञ अँडी बेनेट यांनी वाढत्या वयाच्या पंक चाहत्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०१३ मध्ये संगीत, पेहराव आणि वार्धक्य यांवर पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे की वय वाढते तशी बाहेरची खूण सौम्य होते. केसांचे तुरे जातात, पिना जातात. निष्ठा आत मुरते. असा चाहता कार्यक्रमात पुढे धक्काबुक्की करायला जात नाही, मागे उभा राहून जाणकाराच्या नजरेने पाहतो.

पुण्यात ही आलेखाची रेषा उलटी फिरलेली दिसते, आणि त्यामागे अगदी व्यवहारी कारणे आहेत. १९८७ मध्ये पेठेतल्या मुलाकडे 'आयर्न मेडन'चा टी-शर्ट असणे जवळजवळ अशक्य होते. मिळाला, तरी तो काळा. मराठी घरात काळे कापड संक्रांतीला. एरवी सणाला, लग्नाला, बारशाला काळे नको. त्यावर पुन्हा 'एडी', म्हणजे त्या बँडचे ते सांगाड्यासारखे भयानक चित्र. 'संक्रांत आली का?' एवढा एक प्रश्न तो टी-शर्ट कपाटाच्या तळाशी पाठवायला पुरेसा होता. केस वाढवणे म्हणजे वडिलांशी युद्ध. त्यामुळे तारुण्यातली निष्ठा दिसायची ती वहीच्या मागच्या पानावर निळ्या शाईने काढलेल्या बँडच्या बोधचिन्हांत.

दिसण्याची मुभा मिळाली ती पुढे. हिंजवडीच्या कचेऱ्यांनी शुक्रवारी टी-शर्ट चालवून घेतला. परवाना घेऊन छापलेले बँडचे टी-शर्ट घरपोच मिळू लागले. हातात स्वतःचा पगार होता आणि कपाटाची झडती घेणारे वडील थकले होते. अठराव्या वर्षी जी खूण धारण करायची राहून गेली, ती पंचेचाळिसाव्या वर्षी अंगावर आली. वरवर पाहणाऱ्याला हा गेलेले तारुण्य पकडण्याचा प्रयत्न वाटतो. वस्तुतः ती थकबाकीची वसुली आहे.

ही वसुली सर्वांना सारखी झाली नाही, हेही नोंदवायला हवे. 'रॉकवाला काका' ही प्रतिमा पुरुषाची आहे. त्याच पिढीतल्या मुलीला मित्राच्या खोलीवर जाऊन कॅसेट भरून आणणे, तपकीर गल्लीतल्या काउंटरवर ॲम्प्लिफायरची चौकशी करणे किंवा रात्रीच्या कार्यक्रमासाठी मुंबई गाठणे कितपद शक्य होते याचा विचार केला की तिचे नाव या इतिहासात का दिसत नाही ते कळते. एक गोड अपवाद मुंबईचा आहे. मार्च १९८० मध्ये 'पोलीस' हा ब्रिटिश बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजला, तो 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या समाजकार्य करणाऱ्या महिलांच्या मंडळाने भरवलेल्या कार्यक्रमात. जगभर तरुणाई ज्यांच्यामागे धावत होती, त्यांना मुंबईत आणले ते साड्या नेसणाऱ्या प्रौढ बायकांनी.

रंगभवनाचा उल्लेख आला, तेव्हा त्याचा शेवटही सांगायला हवा. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा देशी बँडचा महोत्सव भरू लागला. पुण्यातून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी ती पंढरी होती. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शंभर मीटर परिसरात शांतता क्षेत्र. रंगभवन या कक्षेत आले आणि काही वर्षांतच मुके झाले.

त्याच नियमांनी सवाई गंधर्वच्या रात्रभरच्या मैफलीही संपवल्या. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याची सोय गेली; मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून मोजक्या दिवसांचीच. शाल पांघरलेला रसिक आणि काळ्या टी-शर्टमधला फॅन यांना एकाच पंगतीत बसवण्याचे काम कोणत्याही संगीत समीक्षकाला जमले नव्हते. ते या नियमावलीने केले. दोघेही आता घड्याळ पाहून ऐकतात.

२०१० मध्ये पुण्यात 'एनएच-सेव्हन वीकेंडर' सुरू झाला आणि पेठेतल्या चाहत्याला प्रथमच आपल्या गावात, मोकळ्या मैदानावर, भर दुपारपासून हे संगीत मिळू लागले. तिथली गर्दी विशीची. चिखलातून वाट काढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला 'काका, जरा सरकता का?' असे ऐकावे लागते, आणि त्यात तुच्छता नसते. हे पुण्याचे आदरार्थी संबोधन आहे. मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन येणारेही दिसतात. बापाने पोराला गाणे दाखवावे ही रीत नाट्यगृहात जुनीच. रॉकमध्ये ती रुजायला इथे एक पिढी जावी लागली, कारण आधीच्या पिढीत दाखवायला बापच नव्हता.

१७ मे २०२५ ला 'गन्स अँड रोझेस' मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजले. २०१२ च्या भारतभेटीत मूळ मंडळींपैकी गायक ॲक्सल रोझ तेवढा आला होता. या वेळी स्लॅश आणि डफ मॅकेगन बरोबर होते. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' १९८७ चा. ॲक्सलचा आवाज आता पूर्वीचा नाही, अशी टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. पण 'धर्मात्मा'नंतरच्या बालगंधर्वांचा आवाज तरी कुठे पूर्वीचा होता? त्या श्रोत्यांना काय ऐकू येत होते हे ज्याला समजते, त्याला रेसकोर्सवर रडणारी मोठी माणसे समजतील.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यातला एक भाग तातडीचा आहे. नाट्यसंगीताच्या चाहत्यांनी मागे खूप लिहून ठेवले : आत्मचरित्रे, आठवणी, दिवाळी अंकांतले लेख, जपून ठेवलेल्या जाहिराती. त्यांच्या जोरावर बालगंधर्वांचा प्रेक्षक आज जिवंत उभा करता येतो. पेठेतल्या रॉकप्रेमीने मराठीत त्या मानाने फारच थोडे लिहिले. त्याचा दस्तऐवज म्हणजे कॅसेटच्या खोक्यातले ते दुमडलेले कागद : बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावे, ऐकून लिहिल्यामुळे झालेल्या चुका, कोपऱ्यात तारीख, कधी कुणाच्या तबकडीवरून भरले त्याचे नाव. कोणती तबकडी कोणत्या हातांतून कॅम्पातून पेठेत आली, याचा माग अशा कागदांवरून लागू शकतो.

चुंबकीय फीत मात्र कायमची टिकत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी चढते, लेप सुटून हेडवर तपकिरी भुकटी जमते. जागा रिकामी करायची वेळ आली की असे खोके आधी माळ्यावर, मग रद्दीत आणि तिथून नशीब असेल तर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाते. तिथे घेणारा बहुधा वर भरायला कोरी कॅसेट शोधत नसतो; प्लास्टिकचा भाव करत असतो. ज्यांच्या घरात असे खोके अजून आहे, त्यांनी फीत वाजत नसली तरी आतला कागद फेकू नये. डेकचा पट्टा तुटला असेल, तर तो बदलून देणारे हात तपकीर गल्लीत अजून सापडतात. जुने मॉडेल असेल तर सोबत तुटलेला पट्टा न्यावा, लांबी मोजायला लागते.